चारऐवजी दोन

मशीन चादरीत गुंडाळून आलं. दारावरच्या वॉचमनने वर फोन केला. "एक बाई आल्यात. मशीन आणलंय. दुरुस्तीला नाही म्हणतात, आणि परतही जात नाहीत."

इंजिनिअरबाई खाली उतरल्या. कंपनी लहानशीच होती. दुमजली शेड, खाली जोडणीची टेबलं, वर चाचणीची खोली आणि मालकांची केबिन, सगळी मिळून अडतीस माणसं. घरी वापरायची ऑक्सिजन मशीन तिथे बनत. फुप्फुसं निकामी झालेल्या माणसाच्या नाकाला नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला हे मशीन, खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं. त्यातला वीजपुरवठा म्हणजे बाईंचं काम. बावीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या.

दारात पस्तिशीची एक बाई उभी होती. सतरा किलोचं ते ओझं तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं.

"अहो, खाली ठेवा ना."

"कुणाला द्यायचं ते कळल्याशिवाय नाही ठेवणार."

"माझ्याकडे द्या. यातला वीजपुरवठा मीच बनवलाय."

तेव्हा तिने मशीन हळूच बाकावर टेकवलं. तिच्या मनगटांवर चादरीच्या गाठीचे लाल वळ उठले होते.

"बाबा गेले," ती म्हणाली. "गेल्या मंगळवारी. मी कामावर होते. डॉक्टर म्हणतात आजारच तसा होता. आजार कसा होता ते मला माहितीय, सहा वर्षं मीच करत होते त्यांचं. दुपारी घरी आले तर मशीन बंद आणि बाबा पलंगाखाली. कोपऱ्यात जादाचा सिलिंडर होता, तिथपर्यंत अर्धी खोली सरपटत गेले होते. त्यांना तो चावीने उघडता यायचा नाही, तरी गेले. मला एवढंच सांगा, हे बंद का पडलं?"

"वीज गेली की याची शिट्टी वाजते. ती..."

"वाजली. शेजारी म्हणाले, बराच वेळ वाजत होती. त्यांना वाटलं, कुणाचा तरी गजर आहे."

बाईंनी चादर सोडली. आत मशीनला आणखी एक आवरण होतं. जाड निळ्या कापडाचं, अगदी मापात बेतलेलं, कडेने पांढरी पायपिंग. मागच्या जाळीपुरतं कापड कापून तिथे दुहेरी शिलाई मारली होती. वर हात घालून उचलता यावं म्हणून मुठीपाशी फट आणि ती झाकायला पट्टीसुद्धा.

"हे तुम्ही शिवलंत?"

"हो. गणवेश शिवायच्या कारखान्यात आहे मी. बाबांना धूळ सोसायची नाही. पुस्तिकेत लिहिलं होतं, मागची जाळी झाकू नका. म्हणून ती मोकळी ठेवलीय, बघा."

बाईंनी बघितलं. जाळी मोकळी होती. डावी बाजू मात्र वरपासून खालपर्यंत निळ्या कापडाने झाकली होती. बाईंनी त्या कापडावरून हात फिरवला आणि त्या एवढंच म्हणाल्या, "चार दिवस द्या मला. तुम्हाला मी स्वतः सांगेन."

"तुम्हीच?"

"मीच."

लेक निघून गेली. जाताना चादर घडी करून घेऊन गेली, आवरण राहू दिलं.

चाचणीच्या खोलीत काका बसले होते. काका म्हणजे कंपनीतले सगळ्यांत जुने माणूस. बाई बावीस वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी आल्या तेव्हा सोल्डरिंगची पहिली शाबासकी आणि पहिली बोलणी दोन्ही त्यांच्याकडूनच मिळाली होती. वय झालं, हात थरथरायला लागला, तरी मालकांनी त्यांना ठेवून घेतलं होतं. बाईंच्या केसांत पांढरं दिसायला लागलं तरी काकांची हाक "छोटी" हीच.

दोघांनी मिळून मशीन उघडलं. पुरवठ्याची पेटी डाव्या पत्र्याला चार स्क्रूंनी घट्ट बसवली होती. वीज दिल्यावर पेटीतून फक्त टिक, टिक, टिक असा बारीक आवाज यायला लागला. पुरवठा चालू व्हायला बघत होता, पुढे कुठेतरी शॉर्ट झालंय हे कळून लगेच बंद पडत होता आणि पुन्हा तेच.

"आउटपुटचा डायोड," काका म्हणाले. त्यांना मीटर लावायचीही गरज नव्हती.

बाईंनी लावला. मीटर किंचाळला. दोनांपैकी एक डायोड आरपार गेला होता.

डायोड म्हणजे विजेचा एकेरी रस्ता. पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. असल्या पुरवठ्यात वीज आधी सेकंदाला लाखभर वेळा उलटसुलट केली जाते, म्हणजे मग ट्रान्सफॉर्मर मुठीत मावेल एवढा पुरतो, आणि शेवटी तिला पुन्हा एका दिशेला लावायचं काम डायोडांचं. ते मांडायचे दोन रस्ते. चार डायोडांचा ब्रिज केला तर मागून येणारा दाब एकेकाला निम्माच सोसावा लागतो, पण वीज दर वेळी दोन डायोडांतून जाते आणि उष्णता दुप्पट होते. ट्रान्सफॉर्मरला मधोमध तार काढून दोनच डायोड लावले तर उष्णता निम्मी, पण प्रत्येकावर मागचा दाब दुप्पट.

यावरून चार वर्षांपूर्वी याच टेबलावर भांडण झालं होतं. काकांचं म्हणणं, चार लावायचे आणि पंखा द्यायचा. बाईंना पंखा नको होता. पंखा धूळ ओढतो, वाजतो, वर्षा-दोन वर्षांत अडकतो. आणि रात्रंदिवस उशाशी राहणाऱ्या मशीनमध्ये वाजणारी वस्तू कशाला? त्यांनी दोन डायोडांची मांडणी काढली. डायोडही निवडले ते शॉटकी जातीचे, कारण ते सगळ्यांत कमी तापतात आणि झटक्यात बंद होतात. उरलीसुरली उष्णता पेटीतून थेट डाव्या पत्र्यात सोडली.

"शॉटकी गरम झाला की गळतो, छोटी," काका तेव्हा म्हणाले होते. "मागून थोडी थोडी वीज झिरपायला लागते. झिरपली की आणखी तापतो, तापला की आणखी झिरपतो. एकदा का त्या घसरगुंडीवर बसला की मग तो थांबत नाही. आणि तू त्याच्यावर दाब दुप्पट देतेयस."

"काका, दीडशे व्होल्टचा डायोड आहे. टोकाचा झटका मोजला मी, एकशे अठ्ठावीस. पत्रा थंड राहिला की तापणार कशाला?"

"राहिला की."

"तुम्हाला ना, प्रत्येक गोष्टीला पंखा लागतो. पोळपाटालाही लावाल."

सगळे हसले होते. काकाही हसले होते आणि तपासणीच्या कागदावर त्यांनी सही केली होती. मशीन बाजारात आलं, गाजलं. डॉक्टर म्हणत, चालू आहे की नाही ते हात लावून बघावं लागतं. सहाशे चाळीस घरांत ते गेलं.

आता काकांनी जळका डायोड काढून बाईंसमोर ठेवला. "मी सांगितलं होतं" असं म्हणाले असते तर बाईंना सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोदामातून त्याच बनावटीचं नवं मशीन आणलं. डायोडला तापमान मोजायची तार चिकटवली, मशीन ओव्हनमध्ये ठेवलं आणि आतली हवा अडतीस अंशांवर आणली. उन्हाळ्यात बंद खोली एवढी सहज तापते. आवरण नसताना डायोड एकशे चारवर गेला आणि तिथेच राहिला. तीन तास, चार तास, एकशे चार.

मग बाईंनी निळं आवरण चढवलं. ते इतकं मापात होतं की चढवताना कोपरे आपोआप बसले.

एकशे अठरा. एकशे सत्तावीस. काका स्टुलावर बसून दर पाच मिनिटांनी आकडा लिहीत होते. एकशे एकतीसला तो जरा थबकला. बाईंच्या मनात आलं, थांब, इथेच थांब. स्वतःच्याच चुकीची बाजू घेतल्यासारखं ते वाटलं, तरी आलंच. एकशे तेहतीस. मग पाच मिनिटं थांबायची गरजच राहिली नाही. आकडा डोळ्यांदेखत पळायला लागला, चाळीस, सत्तेचाळीस, साठ, आणि ओव्हनच्या काचेमागून तोच आवाज आला. टिक, टिक, टिक. पाठोपाठ शिट्टी सुरू झाली. ती किती कर्कश आहे हे बाईंना माहीत होतं, ती त्यांनीच निवडली होती. काकांनी उठून बंद केली.

"जुनं चार डायोडांचं आहे का अजून?" बाईंनी विचारलं.

होतं. कपाटाच्या तळाशी, पंख्यासकट. काकांनी पहिल्यांदा बनवलेला नमुना. तेच आवरण, तोच ओव्हन. पंखा किटलीसारखा घरघरत होता. आकडा एकशे बारावर जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत हलला नाही.

बाईंनी अहवाल लिहिला. पाच पानं. आवरण, तापमान, आकड्यांचा तक्ता. कारण: डायोडांची निवड आणि मांडणी, उष्णता बाजूच्या पत्र्यातून बाहेर पडते हे वापरणाऱ्याला कुठेही सांगितलेलं नाही, पुस्तिकेत फक्त मागच्या जाळीचा उल्लेख. पुस्तिका तपासून सही करणारी व्यक्ती: अहवाल लिहिणारी. विकलेली सर्व मशीन ताबडतोब परत बोलवावीत.

मालकांनी तो उभ्याउभ्या वाचला, मग बसून पुन्हा वाचला. माणूस वाईट नव्हता. त्यांची आईच अशी श्वासाविना गेली होती, म्हणून तर त्यांनी हा धंदा काढला होता.

"आवरण तिने घातलं ना?" ते म्हणाले.

"हो."

"आपण दिलेलं नव्हतं. आपण सांगितलेलं नव्हतं. मग लिहा ना तसं. वापरणाऱ्याने मशीन कापडाने झाकल्यामुळे अतितापमान. यात खोटं काय आहे?"

"खोटं नाही. अर्धं आहे."

"बाई, चार वर्षांत सहाशे चाळीस मशीनपैकी एक."

"एक आपल्याला कळलं. आजारी माणसाच्या घरचे मशीन घेऊन विचारायला येत नाहीत, साहेब. माणूस जाणारच होता असं समजून पुसून कोपऱ्यात ठेवतात. ही आली म्हणून कळलं."

मालक खिडकीपाशी गेले. खाली जोडणीच्या टेबलांवर माणसं मान खाली घालून काम करत होती. "सगळी परत बोलवली तर ही शेड राहणार नाही. ही अडतीस माणसं घरी बसतील. आणि त्या मशीनवर जगणाऱ्यांना बदली मशीन कुठून देणार? परत घेतलं म्हणजेही मारलंच की."

"निदान सगळ्यांना कळवू या. बाजू झाकू नका, सिलिंडर हाताशी ठेवा. एवढं तरी आजच्या आज."

"कळवलं म्हणजे कबूल केलं. आधी वकिलांशी बोलतो. तोवर हा कागद माझ्याकडे राहू दे. आणि त्या मुलीला मी पत्र पाठवतो, आवरणाचं."

बाई चाचणीच्या खोलीत परतल्या. एका ओळीचं पत्र, आणि ती बाई उरलेलं आयुष्य हे धरून चालणार की बापाला आपणच मारलं, तेही स्वतःच्या हातच्या शिलाईने. बाईंनी अहवालाची दुसरी प्रत काढली. काका बघत होते.

"छोटी, नोकरी जाईल."

"जाईल."

"माझी पण सही आहे त्या जुन्या कागदावर. मी हसून सही केली होती. नुसतं सांगून मोकळा झालो, अडवलं नाही. माझंही नाव घाल."

बाईंनी घातलं.

गणवेशांचा कारखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. जेवणाची सुट्टी झाली तशी लेक बाहेर आली. खांद्यावर मोजायची पट्टी तशीच होती, केसांत दोऱ्याचे तुकडे. दोघी भिंतीच्या सावलीत लोखंडी बाकावर बसल्या. बाईंनी सगळं सांगितलं, डायोड, दाब, पत्रा, ओव्हन. लेकीने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे मी ते शिवलं नसतं," ती शेवटी म्हणाली, "तर बाबा असते."

बाईंनी रस्ताभर याच प्रश्नाची तयारी केली होती आणि सगळी वाया गेली. "त्या दिवशी असते," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही पुस्तिका वाचून, सांगितलं तेवढं तंतोतंत पाळलंत. तो पत्रा झाकायचा नाही हे फक्त मला माहीत होतं. मी लिहिलं नाही. आणि झाकला तरी बंद पडू नये असं बनवता येत होतं, तेही माहीत होतं. मला तसं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"का?"

"आवाज नको होता म्हणून. आणि माझं खरं ठरावं म्हणून."

लेक पट्टी बोटाला गुंडाळत आणि सोडत बसली.

"तुम्हाला काय वाटतं, हे ऐकून मला बरं वाटेल?"

"नाही."

"मग कशाला आलात? पत्रच पाठवायचं. मी काय, वाचून रडले असते आणि गप्प बसले असते."

"म्हणूनच आले."

आत घंटा झाली. लेकीने अहवाल घेतला, घडी घातली, उघडली, पहिल्या पानावरची सही बघितली. "तुम्हाला माफ वगैरे करणार नाही मी," ती म्हणाली. "मी तशी नाही. आणि स्वतःलाही करणार नाही. तुम्ही कितीही समजावलंत तरी कापलं मीच होतं ते." मग जाता जाता वळली. "ते आवरण मला परत हवंय."

लेकीने तो अहवाल आरोग्य खात्याच्या तपासणी अधिकाऱ्याकडे नेऊन दिला. महिनाभरात शेडला सील लागलं. त्याआधीच बाईंना काढून टाकलं होतं. खालची माणसं एकेक करून डबा आणि चपला घेऊन निघाली, त्यातल्या बऱ्याच जणांनी बाईंशी बोलणं सोडलं. जोडणी करणारी एक बाई, जिच्या लग्नात त्या जेवून आल्या होत्या, त्यांना रस्त्यात बघून पलीकडच्या बाजूला गेली. मालकांना चौकशीत छातीत दुखायला लागलं, ते इस्पितळात दाखल झाले आणि मग चौकशी रेंगाळली.

खात्याने वर्तमानपत्रात सूचना दिली, ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांनी संपर्क साधावा. दोनशे दहा जणांनी साधला. उरलेल्यांची यादी बाईंनी अधिकाऱ्याकडून मागून घेतली. काका आणि त्या, दोघंच, घरून फोन करायचे. काही जण ऐकून घ्यायचे आणि आभार मानायचे, ते सगळ्यांत जड जायचं. काही शिव्या द्यायचे. एकवीस जण म्हणाले, आता गरज नाही, आमचं माणूस गेलं. कसं गेलं, मशीन चालू होतं का, हे बाई विचारायच्या. बहुतेकांना आठवत नव्हतं. तिघांना आठवत होतं. त्या तिघांची नावं बाईंनी अधिकाऱ्याला कळवली. तिघांच्याही घरी मशीन कशानेतरी झाकलेलं किंवा भिंतीला टेकवलेलं होतं.

ज्यांचे फोन लागेनात त्यांच्या घरी दोघं जाऊ लागली. जिने चढताना काका दर मजल्यावर थांबायचे, बाई त्यांची पिशवी घ्यायच्या.

एका सकाळी एका चौथ्या मजल्यावर एका म्हातारीने दार उघडलं. यादीत तिच्या नवऱ्याचं नाव होतं. तिने दोघांना आत बसवलं, पाणी दिलं.

"ते गेले हो, दोन महिने झाले. मशीनचं काही द्यायचं राहिलंय का?"

"नाही, नाही. ते मशीन बिघडू शकतं, म्हणून परत न्यायला आलोय. शेवटी ते चालू होतं का हो?"

"मला ऐकू येत नाही नीट," म्हातारी म्हणाली. "दिवा होता का त्याला? मी स्वयंपाकघरात होते." तिने रिकामे पेले उचलले. "का, असं का विचारता?"

बाईंनी काकांकडे बघितलं. काका जमिनीकडे बघत होते. बाईंनी सांगितलं, मोठ्याने, तोंड जवळ नेऊन, दोनदा सांगावं लागलं. म्हातारीला कितपत कळलं कोण जाणे. ती आपली मान हलवत राहिली.

"मशीन कुठाय?" काकांनी विचारलं.

"देऊन टाकलं. खाली फाटकापाशी एक बाई भेटली होती, तिच्या भावाला दम लागतो म्हणाली. चांगली वस्तू, पडून कशाला राहायची? कुणाचं भलं होईल म्हणून दिलं."

"नाव काय तिचं? राहते कुठे?"

"नाही विचारलं," म्हातारी म्हणाली. "घाईत होती बिचारी."

बाईंनी फाटकापाशी, दुकानात, समोरच्या दोन इमारतींत विचारून बघितलं. दुपार झाली. कुणालाच तशी बाई आठवत नव्हती. काका पायरीवर बसून राहिले होते. बाईंनी यादीत त्या नावापुढे "दुसऱ्याला दिलं, पत्ता नाही" एवढं लिहिलं, आणि काकांना हात देऊन उठवलं. पुढचा पत्ता तिथून तीन गल्ल्या पलीकडे होता.